दस्तरखान बदलला, पाय चालू लागले

मुरबाडला आमच्या सासरी मोठी भाभी म्हणजे घराचा कणा. पहाटे सगळ्यांच्या आधी उठणार, रात्री सगळ्यांच्या नंतर आडवी होणार. वय 44, वजन 47 किलो. कुणी पाहिले तर म्हणेल, या बाईला कसला आजार असणार! दोन वर्षांपूर्वी ऐन श्रावणसरींत मागच्या दारी दगडाला ठेच लागून तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. तिने हळद भरली, चिंधी बांधली आणि भाताचे आधण ठेवायला गेली. आठ दिवस झाले, पंधरा झाले, जखम काही भरेना. दवाखान्यातून दोनदा मलम आणले. मलम देणाऱ्याने रक्त तपासायला सांगितले नाही आणि आम्हालाही ते सुचले नाही. अंगठा काळा पडला तेव्हा तिला घेऊन कल्याणला धावलो. तिथे रक्तातली साखर निघाली 380. अंगठा काढावा लागला.

शुद्धीवर आल्यावर भाभीने पहिला प्रश्न विचारला तो असा : "शुगर तर जाड माणसांना होते ना? मला कशी झाली?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही शाळेत शिकवतो, बी.एड. झालेलो, उर्दू-मराठी दोन्ही भाषांतले चार अंक घरी येतात. तरी आमचाही समज तोच होता. परतल्यावर घरातल्या सातही मोठ्या माणसांनी उपकेंद्रात जाऊन तपासणी करून घेतली. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तिथे मोफत तपासतात, हे आम्हाला तोपर्यंत ठाऊकही नव्हते. सातांपैकी तिघांची साखर वाढलेली. त्यात आम्ही स्वतःही. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी नंतर बाहेर केली, ती 6.1 आली. 5.7 ते 6.4 या पट्ट्याला मधुमेहाच्या आधीची पायरी म्हणतात. म्हणजे आम्ही उंबरठ्यावर उभे होतो आणि भाभी केव्हाच आत गेली होती.

भाभीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला पुढे मिळाले, आणि ते आपल्याच महाराष्ट्रात शोधले गेलेले आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टन शहरातील बाळे 3.5 किलोची. आपली बाळे लहान, बारीक. पण नीट मोजले तेव्हा दिसले की बाळाचा बारीकपणा स्नायूंचा होता. चरबी मात्र त्याने बऱ्यापैकी राखून ठेवलेली होती. दिसायला कृश, आतून चरबीचे. 2004 मध्ये डॉ. याज्ञिक यांनी इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचेही वजन अगदी सारखे, बीएमआय 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के! काटा दोघांनाही एकच आकडा दाखवत होता.

म्हणून आपल्या लोकांसाठी मोजमाप जरा कडक लावतात. बीएमआय 23 झाला की सावध व्हायचे, आणि काट्यापेक्षा टेपवर जास्त भरवसा ठेवायचा. बेंबीच्या पातळीवर कंबरेचा घेर स्त्रीचा 80 सेंटिमीटरच्या आणि पुरुषाचा 90 सेंटिमीटरच्या आत हवा. शिवणाचा टेप प्रत्येक घरात असतो. भाभीच्या हातापायांच्या काड्या, पण पोटाचा घेर 86 होता. कुर्त्याखाली तो कधी कुणाला दिसला नाही.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या मोठ्या पाहणीनुसार देशात 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या आधीच्या पायरीवर आहेत. एवढे मोठे आकडे वाचून माणूस पान उलटतो. आमच्या घरात ते सातात तीन होते, म्हणून थांबलो.

आता थोडे शरीराच्या कारभाराविषयी सांगतो, कारण हे कळल्याशिवाय आमच्या घरी काहीच बदलले नसते. आपण भात-भाकरी खाल्ली की तिची साखर होऊन रक्तात येते. ती साठवायचे सर्वांत मोठे कोठार म्हणजे आपले स्नायू, त्यातही मांड्या आणि पोटऱ्या. स्नायू हलले की कोठाराचे दार उघडते आणि साखर आत जाते. माणूस बसून राहिला की दार अर्धवट बंद. कोठारच लहान असेल, म्हणजे स्नायू कमी असतील, तर साखर जाणार कुठे? ती रक्तातच फिरत राहते आणि डोळे, किडनी, पायांच्या नसा यांना पोखरत राहते. भाभीच्या अंगठ्यातल्या संवेदना आधीच कमी झाल्या होत्या, म्हणून जखम तिला म्हणावी तशी दुखलीच नाही. दुखली असती तर ती लवकर बोलली असती. कदाचित.

"पण भाभी तर दिवसभर राबत होती," असे सासूबाई म्हणाल्या. खरेच आहे. पण राबणे कसले? ओट्यापाशी उभे राहणे, चुलीपुढे बसणे, निवडणे, लाटणे. पाणी नळाने घरात येते, दळण गिरणीतून येते, कपड्यांना मशीन. थकवा पुरेपूर, पण श्वास जरा जोरात चालावा अशी हालचाल दिवसात दहा मिनिटे सुद्धा नाही. आणि खाणे? इथे आम्हाला जरा स्पष्ट लिहावे लागेल.

आमच्या घरी दस्तरखानावर आधी पुरुष बसत, मग मुले, मग म्हातारी माणसे, शेवटी सुना. शेवटच्या पंगतीला पातेल्यात रस्सा उरे, बोटी नसे. भाजी तळाशी चिकटलेली. भात मात्र ढीगभर. भाभी वीस वर्षे भात आणि रस्सा खात आली, आणि दुपारची भूक चहा-टोस्टवर भागवत आली. साखर घातलेला चहा दिवसातून पाच वेळा. कुणी तिला उपाशी ठेवले नव्हते. पोट तर भरतच होते! पण स्नायू ज्यातून बनतात ती प्रथिने तिच्या वाट्याला क्वचितच येत होती. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिनही 8.9 निघाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातील 15 ते 49 वयाच्या 100 स्त्रियांमागे 57 जणींना रक्तक्षय आढळला होता. त्यात आपल्या घरातल्या स्त्रिया नाहीत असे समजायचे काही कारण नाही.

पहिला बदल म्हणून आम्ही कुठलेही पथ्य लावले नाही. सगळ्यांनी एकत्र जेवायला बसायचे, एवढेच ठरवले. ही सर्वांत अवघड गोष्ट ठरली. आठवडाभर सासूबाई घुश्श्यात होत्या. "गरम भाकऱ्या कोण देणार?" हा त्यांचा सवाल. भाकऱ्या आधी करून रुमालात गुंडाळून ठेवल्या. थोड्या निवल्या, कुणी मेले नाही. सालन आधी वाट्यांतून वाढले, प्रत्येकाची वाटी वेगळी. मोठ्या दिरांनी पहिल्या दिवशी आपल्या वाटीतली एक बोटी उचलून भाभीच्या वाटीत ठेवली आणि काही न बोलता जेवू लागले. त्या दिवसानंतर सासूबाईंचा विरोध मावळला.

दुसरा बदल ताटाचा. अर्धे ताट भाजी आणि कोशिंबिरीचे, पाव ताट भात किंवा भाकरीचे, पाव ताट डाळ, अंडी, मासे किंवा गोश्तचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचीही शिफारस अशीच आहे. आमच्याकडे प्रमाण नेमके उलटे होते. एकदम पालटले असते तर घरात बंड झाले असते, म्हणून दर पंधरवड्याला भाताचा एक एक डाव कमी करत गेलो. जेवणाची सुरुवात काकडी-मुळ्याने केली. आधी भाजी आणि डाळ पोटात गेली की मागून येणारा भात साखर सावकाश चढवतो. खर्च काही नाही, फक्त क्रम बदलायचा.

नाचणीबद्दल हल्ली फार बोलले जाते. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होते, तेव्हा शाळेत आम्हीही मुलांकडून घोषणा देऊन घेतल्या. नाचणी आणि वरी ही आपल्या शहापूर-मुरबाडच्या वरकस जमिनीतली जुनी पिके. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी बांधवांनी ती टिकवून ठेवली, आपण पांढऱ्या तांदळाच्या मागे गेलो. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते; सडलेल्या तांदळात त्याच्या पासंगालाही नसते. चाळिशी ओलांडलेल्या, अंगावर ऊन न पडणाऱ्या आपल्या बायकांच्या हाडांना ते हवेच आहे. पण नाचणी म्हणजे औषध नव्हे. गूळ घालून केलेले नाचणीचे पातळ सत्त्व साखरेच्या रुग्णाने वाटीभर प्यायले तर साखर वाढणारच. गूळ, मध, खजूर यांनाही ‘नैसर्गिक’ म्हणून सवलत नाही. आमच्याकडे संध्याकाळी नाचणीची भाकरी आणि सोबत झणझणीत भाजी, असा रिवाज झाला. मुले पहिल्यांदा म्हणाली, भाकरी काळी आहे. आता मागून घेतात असे म्हणणार नाही. खातात, एवढे खरे.

भाज्यांच्या बाबतीत तर आपल्यासारखे नशीबवान कुणी नाही. जूनमध्ये पहिला पाऊस पडायच्या बेताला शहापूरच्या बाजारात ठाकूर-कातकरी बाया शेवळी घेऊन बसतात. मग टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी, करटोली येतात. शहापूरच्या नदीचे नाव भारंगी आणि भाजीचे नावही भारंगी, याची आमच्या वर्गातल्या मुलांना फार गंमत वाटते. आमच्या सासूबाईंना या सगळ्या भाज्या माहीत होत्या, त्यांच्या अम्मीने खाऊ घातलेल्या. मधल्या तीस वर्षांत फ्लॉवर-बटाटा आला आणि रानभाजी ‘गरिबांची’ झाली. शेवळी घशाला खाजते, म्हणून तिला काकडाची फळे किंवा चिंच लागतेच. सासूबाई त्यात थोडा खिमा किंवा सोडे घालतात. टाकळ्याची कोवळी पाने लसूण आणि भिजवलेल्या डाळीवर परततात. ओळख नसलेला पाला मात्र स्वतः खुडायच्या फंदात पडू नये. विकणाऱ्या बाईला विचारावे. तिला त्या पाल्याची जेवढी माहिती असते तेवढी कुठल्या पुस्तकात नाही, आणि ती वीस-तीस रुपयांचा वाटा देताना घासाघीस करू नये, हे आमचे आपले मत.

डॉ. याज्ञिकांच्या त्याच पुण्याच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली होती. ज्या गरोदर स्त्रियांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर येत होते, त्यांची बाळे वजनाने मोठी होती. घरात सून गरोदर असेल तर मिठाईच्या डब्याआधी पालेभाजीची जुडी आणावी. आणि पालेभाजीवर लिंबू पिळावे, जेवणासोबत चहा घेऊ नये. लिंबाने लोह अंगी लागते, चहाने अडते. भाभीचा जेवणानंतर लगेचचा चहा तासभर पुढे ढकलला. गोळ्या तर चालूच होत्या. चार महिन्यांत हिमोग्लोबिन 11 वर आले.

तेलाचा हिशेब आम्ही वहीत मांडला. मास्तरकीची खोड! मोठी माणसे सात आणि महिन्याला तेल आठ लिटर. म्हणजे माणशी दिवसाला जवळजवळ 38 मिलिलिटर. चार-पाच चहाचे चमचे, म्हणजे 20 ते 25 मिलिलिटर, पुरते. सालनावर तरी आली नाही तर पाहुण्यांसमोर नाक कापले जाते अशी आपली समजूत. आता पाच लिटरमध्ये भागते. मिठाचे मात्र अजून जमलेले नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचा. पण आपल्याकडे सुकट, बोंबील, पापड, लोणचे! सुकट दोन पाण्यांतून धुऊन घेतो, पापड दावतीपुरता. मोठे दीर लोणच्याची बरणी सोडत नाहीत. त्यांचा रक्तदाब 150 च्या खाली येत नाही, आणि ते दोष गोळीला देतात.

आता चालण्याविषयी.

आम्ही शहापूरला राहतो, सासर मुरबाडला. शनिवारी शाळा सुटली की किन्हवली-सरळगावमार्गे तिकडे जातो. शहापूरला आम्ही चार जणी फज्रनंतर बाहेर पडू लागलो : दोघी शिक्षिका, एक अंगणवाडी सेविका आणि शेजारच्या खाला, वय 61. आसनगाव स्टेशनकडे जाणाऱ्या रिक्षांची तेव्हा गर्दी असते, पहिली-दुसरी लोकल धरायची असते लोकांना. रस्त्याला फुटपाथ नाही, कुत्री मागे लागतात, आणि कुत्र्यांहून जास्त लोक. "सकाळी सकाळी बुरखे घालून कुठे निघाल्या?" एकाने तर खालांच्या मुलाला दुकानात गाठून सांगितले की आईला सांभाळा. खाला बिचाऱ्या दोन दिवस घरी बसल्या. तिसऱ्या दिवशी आल्या त्या उत्तर घेऊनच. हजरत आयेशा (रजि.) यांनी पैगंबर साहेबांसोबत (स.) धावण्याची शर्यत लावल्याची हदीस अबू दाऊदमध्ये आहे, ती त्यांनी मुलालाही ऐकवली आणि त्या दुकानदारालाही. नंतर कुणी काही बोलले नाही. तरी आम्ही एका शाळेच्या आवारात चालायची परवानगी मागितली. पहिल्यांदा नकार आला, दुसऱ्यांदा अर्ज केला तेव्हा सहा ते सात गेट उघडे ठेवायचे ठरले. भिंतीच्या आत आल्यावर नकाब बाजूला करून मोकळा श्वास घेता येतो, हा फायदा लहान नाही.

पहिल्या दिवशी मैदानाच्या चार फेऱ्यांत धाप लागली. आठवड्याला 150 मिनिटे, म्हणजे दिवसाला अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, असे जागतिक आरोग्य संघटनेचे किमान माप आहे. वेग असा की बोलता यावे पण गाता येऊ नये. हे माप आमच्यासाठीच काढल्यासारखे आहे, कारण बोलणे तर चालूच असते! शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम हवा. भिंतीला हात टेकून पुढे-मागे होणे, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या उचलणे. खालांना सुरुवातीला खुर्चीतून तीनदाही उठता येत नव्हते. सहा महिन्यांनी बारा वेळा. "आता सजद्यातून उठताना गुडघ्यावर हात ठेवावा लागत नाही," हे त्यांनी सांगितले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो कुठल्याही रिपोर्टमध्ये मावणारा नव्हता. काही जण म्हणतात, पाच वेळची नमाज हाच व्यायाम. नमाज ही इबादत आहे. तिच्यात सांधे हलतात हे खरे, पण दम लागावा इतकी हालचाल नाही. तिच्यावर व्यायामाचे ओझे टाकू नये असे आम्हाला वाटते.

दहा हजार पावलांचे गणितही डोक्यातून काढून टाकले. तो आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजायच्या एका यंत्राच्या नावातून आला, संशोधनातून नव्हे. सरासरी 72 वर्षांच्या अमेरिकन स्त्रियांच्या 2019 सालच्या एका अभ्यासात दिवसाला 4,400 पावले चालणाऱ्यांचा मृत्यूचा धोका 2,700 पावलांवाल्यांपेक्षा बराच कमी होता, आणि 7,500 च्या पुढे फारसा फरक पडत नव्हता. त्याच्याही खूप आधी, 1953 मध्ये, लंडनच्या दुमजली बसचा अभ्यास झाला होता. दिवसभर जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी आणि स्टिअरिंगवर बसलेल्या ड्रायव्हरांना जास्त. आपल्या एस.टी.ला वरचा मजला नाही, पण गर्दीच्या गाडीत कंडक्टरचा व्यायाम होतच असणार.

चालण्याने काय मिळाले? वजन तर आमचे फक्त अडीच किलो उतरले. त्याआधीच, पहिल्या महिन्यातच, झोप सुधारली. रात्री दोनला उठून छताकडे पाहत बसायची सवय होती, ती गेली. पोट साफ राहू लागले. वर्गात चौथ्या तासाला मुलांवर ओरडणे कमी झाले. हे आम्हाला मुलांनीच सांगितले. अंगणवाडीवाल्या आमच्या मैत्रिणीच्या घरी त्या काळात मोठे दुःख होते. ते तिने कुणाला सांगितले नव्हते. मैदानाच्या सातव्या-आठव्या फेरीला एके दिवशी तिने ते बोलून दाखवले. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही, ते शेजारी शेजारी चालताना बोलता येते.

पावसाळ्यात मात्र सगळे मोडले. आपल्याकडचा जुलै म्हणजे काय ते सांगायला नको. पंधरा दिवस बंद पडले, मग शाळेच्या लांब ओट्यावर फेऱ्या सुरू केल्या. एक ओटा 40 पावलांचा. कंटाळवाणे असते, पण होते.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या तालुक्यात तानसा, वैतरणा, भातसा ही धरणे आहेत आणि त्यांचे पाणी मुंबईला जाते. त्याच तालुक्यात एप्रिल-मेमध्ये पाड्यांवरच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन चढ चढतात. आमच्या वर्गातल्या काही मुली तो हंडा आणून मग शाळेत येतात. त्यांना आम्ही व्यायामाचे महत्त्व कोणत्या तोंडाने सांगायचे? त्यांना हवे आहे ते जवळ पाणी, ताटात डाळ-अंडे आणि थोडी विश्रांती. व्यायामाचा उपदेश आपल्यासारख्या नळाच्या घरांना लागू आहे. वर्गात एकीकडे दोन-तीन किलोमीटर चालत येणारी, काटक पण बारीक मुले. दुसरीकडे रिक्षातून उतरणारी, हातात पाच रुपयांचे वेफर्सचे पाकीट असलेली मुले. खेळाच्या तासाला दुसऱ्या गटाला धाप लागते. यात आपली मुले जास्त आहेत, आणि ते पाकीट आपणच घेऊन देतो. मुलांना रोज तासभर तरी पळापळ हवी. शाळेनंतर मकतब, मकतबनंतर शिकवणी, मग मोबाईल. तो तास कुठून यायचा? आम्ही आमच्या धाकट्याला अस्र ते मगरीब मोकळा सोडला आहे. गणितात दोन गुण कमी आले. चालेल.

दावती आणि रमजान या दोन परीक्षा असतात. वलीम्याला गेल्यावर पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, ही शिकवण सगळ्यांना पाठ असते, आणि बिर्याणीचे तबक समोर आले की सगळेच विसरतात. आम्हीही. आता घरून थोडे दही-काकडी खाऊन निघतो, बिर्याणी एकदाच वाढून घेतो, शरबत टाळतो. इफ्तारला भजी-समोसे रोज नव्हे, जुम्म्यालाच. खजूर एक, मग पाणी, मग चणे आणि फळ. इशा-तरावीहला पायी जाणे हा रमजानातला चालण्याचा वाटा. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र रोजे धरण्याआधी महिनाभर डॉक्टरांकडे जाऊन औषधांच्या वेळा ठरवून घ्याव्यात. भाभीला पहिल्या वर्षी डॉक्टरांनी मना केले. ती खूप रडली. आजारी माणसाला सवलत दिलेली आहे हे तिला हाफिजसाहेबांनी घरी येऊन समजावले, तेव्हा फिदिया देऊन शांत झाली.

भाभी आज कुठे आहे? एचबीएवनसी 11.2 होते, ते मागच्या महिन्यात 7.4 आले. इन्सुलिन सुटलेले नाही, डॉक्टरांनी मात्रा कमी केली आहे. स्वतःहून एकही मात्रा सोडायची नाही, हे तिने पक्के केले आहे. रोज रात्री झोपण्याआधी ती आरसा जमिनीवर ठेवून दोन्ही तळवे बघते, बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करते. घरातही चप्पल घालते. अंगठा नसल्यामुळे चालताना तोल जरा जातो, म्हणून लांब चालता येत नाही; प्रत्येक जेवणानंतर अंगणात दहा मिनिटे फेऱ्या मारते. खिशात खडीसाखर असते, साखर अचानक उतरली तर. वजन 47 चे 49 झाले आणि पोटाचा घेर 86 चा 81. वजन वाढले म्हणून शेजारणीने हळहळ व्यक्त केली, तेव्हा भाभीने तिला टेप आणून दाखवला.

सासूबाई अजून चालत नाहीत. "माझं आता काय राहिलंय," म्हणतात. पण मागच्या शनिवारी आम्ही मुरबाडला पोहोचलो तेव्हा जेवणे नुकतीच झाली होती. भाभी अंगणात फेऱ्या मारत होती आणि सासूबाई ओट्यावर बसून तसबीहवर तिच्या फेऱ्या मोजत होत्या. आम्हाला पाहून म्हणाल्या, "हिची अजून सहा बाकी आहेत. तुम्ही पण चपला काढू नका, जेवण झालंय ना तुमचं?"